लुआमध्ये चालत्या प्रोग्रॅमला नवा लोकल व्हेरिएबल बनवता येत नाही

इंदूरच्या राजेंद्रनगरात राहणारा माझा भाचा तिथल्या छप्पन दुकान या खाऊगल्लीवर आधारित एक छोटा गेम लिहितो आहे. त्यासाठी तो लव्ह हे गेम बनवायचे इंजिन वापरतो, म्हणजे पर्यायाने लुआ भाषा. त्याच्या मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात फिरत आलेल्या एका संदेशाचा दावा असा आहे: लुआमध्ये प्रोग्रॅम चालू असताना हव्या त्या नावाचा लोकल व्हेरिएबल (कोडच्या ठराविक भागापुरतेच चालणारे, किंमत साठवणारे नाव) तयार करता येतो, त्यासाठी लोडस्ट्रिंग (स्ट्रिंगमधला, म्हणजे मजकुरातला, कोड चालवायला घेणारे फंक्शन), डीबग.सेटलोकल किंवा अंडरस्कोर-जी (ग्लोबल, म्हणजे सगळीकडे दिसणाऱ्या, व्हेरिएबलांचे टेबल) वापरावे. संदेशात असेही आहे की टेबल (नावाला किंमत जोडून ठेवणारी रचना) संथ असते आणि ते फक्त नवशिक्यांसाठी असते. हाच संदेश मला आणखी तिघांनी पाठवला. भाच्याने तो खरा मानून उत्तम चालणारे टेबल मोडले आणि दोन रात्री वाया घालवल्या, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

लोडस्ट्रिंगविषयीचा मुद्दा सर्वांत चुकीचा आहे आणि सर्वांत घातकही. लुआच्या अधिकृत संदर्भ-पुस्तिकेत स्पष्ट म्हटले आहे की लुआ प्रत्येक चंकला, म्हणजे एकत्र कंपाइल होणाऱ्या कोडच्या तुकड्याला, एका निनावी फंक्शनचा देह समजते. लोडस्ट्रिंगला दिलेली स्ट्रिंग हा असाच एक स्वतंत्र चंक असतो. त्यात लोकल म्हणून जाहीर केलेला व्हेरिएबल त्या फंक्शनपुरताच जगतो आणि बाहेरच्या ओळींना तो कधीच दिसत नाही. उलट दिशेनेही वाट बंद आहे. भाच्याने फाइलच्या वरच्या भागात 'गल्ला' हा लोकल 500 ठेवला आणि स्ट्रिंगमध्ये त्यात 20 मिळवायला सांगितले, तेव्हा त्या स्ट्रिंगने ग्लोबल गल्ला शोधला, तो निल, म्हणजे किंमतच नसलेला, निघाला आणि गेम थांबला. "मामा, गल्ला तर वर लिहिला आहे, मग निल कसा?" या त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्या संदेशात कुठेही नाही.

उत्तर कंपाइलरच्या, म्हणजे लिहिलेला कोड चालवण्याजोग्या सूचनांत बदलणाऱ्या भागाच्या, कामात आहे. लोकल व्हेरिएबलचे नाव मजकूर कंपाइल होतानाच रजिस्टरच्या, म्हणजे किंमत ठेवायच्या जागेच्या, क्रमांकात बदलते. 2003 मधल्या लुआ 5.0 पासून तिचे व्हर्च्युअल मशीन, म्हणजे त्या सूचना चालवणारा भाग, रजिस्टरांवरच चालते. नाव उरते ते केवळ डीबगच्या माहितीत, आणि ती माहिती काढून टाकली तरी प्रोग्रॅम तसाच चालतो. शिवाय थोडा विचार केला तरी पुरे आहे: ज्या ओळीत तो व्हेरिएबल वापरायचा, ती ओळ आधी लिहावीच लागते. तिच्यात नाव लिहिता येत असेल, तर ते आधीच ठाऊक आहे आणि सरळ जाहीर करता येते. नाव प्रोग्रॅम चालू झाल्यावरच कळणार असेल, तर नावावरून किंमत शोधणारी वस्तू हवी, आणि लुआमध्ये त्या वस्तूला टेबल म्हणतात. टेबलची किल्ली 'खोपरा पॅटीस' अशी मध्ये जागा असलेली असली तरी चालते; व्हेरिएबलचे नाव तसे ठेवता येत नाही.

घातक का म्हणतो, तेही सांगतो. संदेशातल्या पद्धतीने भाचा मित्रांकडून आलेल्या सेव्ह फाइलमधले नाव आणि भाव स्ट्रिंगला जोडून लोडस्ट्रिंगला देत होता. भावाच्या जागी कुणी संगणकाला थेट आज्ञा देणाऱ्या ओएस.एक्झिक्यूटची ओळ लिहून पाठवली असती, तर ती आज्ञा घरच्या संगणकावर निमूटपणे चालली असती. शिकणाऱ्या मुलांना असला सल्ला देणे बेजबाबदारपणाचे आहे.

डीबग.सेटलोकल आधीपासून असलेल्या लोकलची किंमत बदलते. दिलेल्या क्रमांकाचा लोकल नसेल, तर पुस्तिकेनुसार ते निल परत करते. अंडरस्कोर-जीमध्ये लिहिलेली गोष्ट ग्लोबल होते, म्हणजे ती लोकल नव्हेच. लुआ 5.2 पासूनच्या अंडरस्कोर-ईएनव्हीने साध्या नावांमागे स्वतःचे टेबल ठेवता येते हे मान्य करावे लागेल, पण तेही अखेर टेबलच आहे, आणि लव्हमागच्या लुआजिटमध्ये (लुआ चालवणाऱ्या वेगळ्या प्रणालीत) अंडरस्कोर-ईएनव्ही नाही.

वेगाविषयी संदेशात अर्धे सत्य आहे. लोकल रजिस्टरमध्ये असतो, त्यामुळे टेबलमधल्या शोधापेक्षा तो वेगवान असतो, आणि वारंवार लागणारे फंक्शन लोकलमध्ये घेऊन ठेवणे ही चांगली सवय आहे. मात्र एका फंक्शनमध्ये एका वेळी 200 पेक्षा अधिक लोकल ठेवता येत नाहीत. छप्पन दुकानांचे नाव, भाव, साठा आणि गल्ला असे प्रत्येकी चार व्हेरिएबल धरले तर 224 होतात, आणि कंपाइलर फाइल घेतच नाही. म्हणून भाच्याच्या फाइलमध्ये आता 'दुकाने' नावाचा एकच लोकल आहे, त्यात 56 नोंदी असलेले टेबल आहे, आणि सेव्ह फाइल एकेक ओळ वाचून, भाव टूनंबरने (मजकुराचा आकडा करणाऱ्या फंक्शनने) तपासून मगच त्यात भरली जाते.