अधिकार बघा, आडनाव कशाला?

धाराशिव की उस्मानाबाद, संभाजीनगर की औरंगाबाद, असा वाद पेटला की मराठी विकिपीडियावर कुणीतरी प्रचालक (जादा अधिकार असलेला सदस्य) पान सुरक्षित करतो, म्हणजे बदलांना कुलूप लावतो. झालं, सुरू: "हा कोण टिकोजीराव? गाव कोणतं? आडनाव काय?" सोयरीक जुळवायची आहे का बाबांनो?

विचारायला हवं ते सगळं उघडं पडलंय की. 'इतिहास' दाबा, प्रत्येक बदल वेळेसकट दिसतो. सुरक्षा कुणी लावली, कधीपर्यंत, कारण काय, ते नोंदीत. अधिकार कुणी, कधी दिले त्याची नोंद वेगळी. बघायला खातंसुद्धा लागत नाही. फसगत होते ती एकाच जागी. स्टुअर्डनं, म्हणजे सगळ्या विकींवर अधिकार देऊ-काढू शकणाऱ्या सदस्यानं, मेटा-विकी या सामाईक विकीवरून अधिकार बदलले तर नोंद तिकडे पडते, इथली रिकामी दिसते. मग लगेच "लपवाछपवी" म्हणून बोंब!

दुसरी तऱ्हा त्याहून भारी. हातात अधिकार पाहिजेत, पण अधिकार असलेल्यांच्या यादीत टोपणनावसुद्धा नको, म्हणे खासगीपणा! अहो, खरं नाव, फोन, गाव झाका की, कोण मागतंय? पण कुलूप लावणारं खातं दिसलंच पाहिजे. सदस्य तपासनीसांचंच बघा, म्हणजे खात्यामागचा आयपी (इंटरनेट जोडणीचा पत्ता) तपासू शकणाऱ्यांचं: कुणाकडे तो अधिकार आहे हे जाहीर, त्यांनी कुणाचा आयपी तपासला ती नोंद बंद, आणि आयपीची माहितीही 90 दिवसांनी जाते. एवढं साधं आहे. तरी पुढच्या वादात पहिला प्रश्न आडनावाचाच येणार, लिहून ठेवा.