बुश गेले

पिकअपचे बुश गेलेत असं घरी सांगितलं तर बायको म्हणाली, कोण गेलं? आता काय सांगायचं. आमची गाडी २००६ ची, माझ्याकडे यायच्या आधी मालवणात मासे वाहायची, म्हणजे टपांतलं खारट पाणी वर्षानुवर्षं तिच्या चासीवर, खालच्या लोखंडी सांगाड्यावर, अभिषेकासारखं ठिबकत होतं. केबिन आणि चासीच्या मधे सहा ठिकाणी रबरी बुश, मधून लोखंडी स्लीव्ह, त्यातून आरपार बोल्ट. रबराचा पापड झाला की केबिन एका अंगाला कलते, दार उचलून लावावं लागतं आणि प्रत्येक गतिरोधकावर सीटखालून कोणीतरी घण घातल्यासारखा दणका बसतो.

मेकॅनिक म्हणाला, दोन तासांचं काम. ऐन आंब्याच्या सीझनला, पेट्या खळ्यात पडलेल्या, म्हटलं दोन तास चालतील. त्याचा हेल्पर लग्नाला गेलेला म्हणून १९ चा पाना घेऊन गाडीखाली मीच झोपलो. पहिला बोल्ट निघाला. दुसऱ्याचा नट बॉडीच्या आत वेल्ड केलेला असतो, ते वेल्डिंग गंजून सुटलेलं, त्यामुळे पाना फिरतोय, बोल्ट फिरतोय, आतला नटपण फिरतोय, सगळे मजेत, बाहेर कोणी येत नाही.

तेवढ्यात अण्णा आले. एसटीतून रिटायर, मे महिन्यातसुद्धा काखेत छत्री. माझ्याच स्टेपनीवर बसले आणि पहिला चहा मागवला.

"काय रे झिला, भायर येना नाय?"

"नट फिरतोय अण्णा."

"फिरतलोच. तू उलटो फिरवतंस."

उलटा नव्हता हो! पण पाठीखाली खडी, डोळ्यात गंजाची खपली, अशा वेळी स्वतःचा उजवा हात कुठला हेही माणूस छातीठोक सांगू शकत नाही, म्हणून एकदा फिरवून बघितला. लगेच वरून, "आता कसो, माजा आयकलंस मा!"

मग गंज सुटावा म्हणून डिझेल मार झालं, ब्रेक ऑइल मार झालं, शेवटी "गॅस मार" म्हणाले, मेकॅनिकने गॅसच्या ज्योतीने बोल्ट तापवायला घेतला, तर बोल्टाआधी रबर पेटलं आणि काळा धूर थेट माझ्या नाकात. अण्णा शांतपणे म्हणाले, "रबर जळता रे." अण्णा, मला कळलं होतं. मी तिथेच होतो.

त्यानंतर आंबोली घाटाची गोष्ट. तरुणपणी कोणाच्या तरी ट्रकचा बुश घाटात फुटला, रबर मिळेना, तर अण्णांनी नारळाचं सोडण ठोकून बसवलं आणि गाडी बेळगावला पोचवली. "हल्लीच्या रबरापेक्षा सोडण बरा." हसू नका, दुकानदाराने ओरिजनल म्हणून दिलेलं रबर मी दाबून बघितलं तर नख वाकलं, रबर नाही. तेव्हा सोडणाचा विचार माझ्याही मनात येऊन गेला.

नंतर जॅकवर लाकडाचा ओंडका ठेवून केबिन एका बाजूने उचलत होतो तेव्हा अण्णा एकदम ओरडले, "थांब मेल्या, क्लचचो पाइप बघ!" बघितला तर ताणून तारेसारखा झालेला. अजून इंचभर उचलली असती तर तुटलाच असता. दिवसभरात मला त्यांचा सगळ्यात जास्त राग तेव्हा आला.

दोन तासांचे दोन दिवस झाले. सहाव्या नटासाठी केबिनचा पत्रा ग्राइंडरने कापून तळहाताएवढी खिडकी पाडली, त्या खिडकीचे पैसे वेगळे लावले, आणि गाडीखाली झोपलेल्या माझी मजुरी कोणी धरली नाही ती नाहीच. वर पेट्या न्यायला भाड्याचा टेम्पो. गंजलेल्या गाडीचं काम किती लांबेल हे आधी सांगता येत नाही, मान्य, पण मग तसं सांगा ना, दोन तास कशाला सांगता!

सोमवारी टपरीवर गेलो तर चहावाला म्हणतो, "अण्णांनी तुमची गाडी मस्त केली म्हणे. त्यांचे अकरा चहा तुमच्या नावावर मांडलेत." बाकावर अण्णा बसलेलेच.

"काय, आवाज गेलो मा?"

गेला होता. पार गेला होता, दार एका बोटाने लागत होतं. पण तोंडातून निघून गेलं, नाही अण्णा, अजून येतोय थोडा.

अण्णांनी कप खाली ठेवला आणि छत्री उचलली. "चल, बघूया."