सीमावासी साहेब, बंगला नव्हे, दोन खोल्या

कुंद्याच्या (बेळगावच्या खव्याच्या मिठाईच्या) डब्यांचं पॅकिंग बरं की वाईट, यावरच्या माझ्या मागच्या लेखाला 'सीमावासी' या नावाने आलेली प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देतो : "टिळकवाडीच्या बंगल्यात बसून कचऱ्यावर लिहिणं सोपं असतं. कागदी डब्याला आतून प्लॅस्टिकच असतं. कंपोस्टेबल पिशवी बेळगावात कुजणार कुठे? आणि महाग डब्याचे पैसे दुकानदाराने कुठून आणायचे?"

टीकेचं मला वावडं नाही. पण बंगला?

साहेब, मी शहापूरचा, बेळगावातल्या विणकरांच्या भागातला. मागांची खटखट ऐकत वाढलो. घर दोन खोल्यांचं, त्यांतल्या पुढच्या खोलीत वडिलांचं किराणा दुकान. सातवीत असताना पावशेर साखरेची पुडी मी दोऱ्याशिवाय बांधायचो, सुटायची नाही. गोडेतेलाला गिऱ्हाईक घरून बाटली आणायचं. आजी खानापूरकडची, पळसाच्या पानांना चोया टोचून पत्रावळी लावायची आणि माझ्या वाकड्या पत्रावळी गुपचूप उसवायची. 'पॅकेजिंग' हा शब्द कानावर पडण्याआधी आम्ही ते जगलोय. (आमच्या गल्लीत कॅरीबॅग पहिल्यांदा वडिलांनीच आणली, हेही सांगून टाकतो. महिन्याभरात लोक पिशवी घरी विसरू लागले.)

२०१६ मध्ये कर्नाटकात कॅरीबॅगांवर बंदी आली, तेव्हा जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून गणपत गल्लीत वाटत मी फिरलो. भाजीवाल्या मावशी हसल्या, पण पिशव्या घेतल्या. पुढे १ जुलै २०२२ पासून केंद्राने प्लॅस्टिकच्या ताटल्या, चमचे, स्ट्रॉवरही बंदी घातली. या सगळ्या काळात आपण कुठल्या बंगल्यात होतात, हे मी विचारलं तर चालेल का? नाही ना चालणार? मग सुरुवात कोणी केली?

कागदी डब्याचं मात्र मान्य. कुंद्याला तूप सुटतं, म्हणून डब्याला आतून पॉलिथिनचा पातळ थर देतात. तो कागदापासून सहज सुटत नाही, म्हणून आमचा गुजरीवाला (भंगार घेणारा) असा डबा बाजूला फेकतो. ती ओळ लेखात हवी होती, राहिली. पण माझा मुद्दा त्यामुळे पडत नाही, उलट पक्का होतो. डबा एकाच वस्तूचा असावा, मग तो पत्र्याचा असो नाहीतर तळाशी त्रिकोणात ५ छापलेल्या पॉलीप्रोपिलिनचा. तो पुन्हा वापरता येतो, गुजरीत किलोवर जातो. चिप्सच्या चकचकीत पाकिटात प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटवलेलं असतं, त्याला गुजरीवाला हात लावत नाही. पॅकिंग बरं की वाईट, हे त्याच्या तराजूला विचारा, वेष्टनावरच्या हिरव्या पानाला नको. हे मी लेखातही लिहिलं होतं. तिथवर वाचलंत की नाही, देव जाणे.

कंपोस्टेबल पिशवी उकिरड्यात कुजत नाही, तिला बरेच दिवस पन्नास-साठ अंशांची ऊब लागते, एवढं मलाही कळतं. लेखात तो शब्द एकदाच आलाय, त्यावरून बेळगावच्या कचऱ्याच्या तुरमुरी डेपोपर्यंत जायचं कारण नव्हतं. दुकानदाराच्या खर्चाबद्दल पुन्हा कधीतरी.

कागदी डब्याची ओळ आज दुरुस्त केली आहे. 'बंगला' हा शब्द आपण दुरुस्त कराल, ही अपेक्षा.