‘सुटलो एकदाचे’ म्हणणाऱ्यांसाठी

आज प्रोफेशनल कम्युनिकेशनची शेवटची ओरल झाली आणि वर्गाच्या ग्रुपवर मेसेजचा पाऊस पडला. ‘सुटलो एकदाचे’, ‘टाईमपास विषय संपला’, ‘आता खरं इंजिनिअरिंग सुरू’. कुणीतरी जर्नल जाळतानाचं मीमही टाकलं. ठीक आहे, करा मजा. पण तुम्ही वर हे टाईप करत होतात तेव्हा खाली ऑफिसच्या खिडकीपासून जिन्यापर्यंत पोरांची रांग लागली होती, आणि ती रांग का लागली हे याच टाईमपास विषयात शिकवलंय. म्हणून लिहितेय. डोकं तापलेलं आहे, पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

बोर्डावर नोटीस लागली होती: ‘सर्व संबंधित विद्यार्थ्यांना सूचित करण्यात येते की, शिष्यवृत्ती अर्जातील त्रुटींची पूर्तता आवश्यक त्या कागदपत्रांसह विहित मुदतीत करावी. सदर बाबतीत हयगय झाल्यास त्याची सर्वस्वी जबाबदारी विद्यार्थ्याची राहील.’ खाली सही, शिक्का. भाषा कशी भारदस्त! आता त्यात शोधून दाखवा. संबंधित म्हणजे कोण, यादी कुठंय? त्रुटी कसली? कागद कोणते, मूळ की झेरॉक्स? मुदत कोणत्या तारखेपर्यंत? कोणत्या खिडकीवर, किती वाजेपर्यंत? एकाचंही उत्तर नाही. स्वच्छ कळते ती एकच गोष्ट, की चुकलं तर तुमचं चुकलं.

फर्स्ट इयरचा एक मुलगा खर्डीहून लोकलने आला होता, सगळी फाईल काखेत घेऊन. नंबर लागल्यावर त्याला कळलं की त्याचा अर्ज महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवरूनच परत आलाय, कारण उत्पन्नाचा दाखला जुना जोडलेला. तो स्वतःच्या लॉगिनमधून बदलायचा, अर्ज परत सबमिट करायचा आणि मग प्रिंट घेऊन यायचं. म्हणजे ऑफिसला त्याच्याकडून आज काहीच नको होतं. त्याचा अख्खा दिवस त्या दोन वाक्यांनी खाल्ला.

हीच नोटीस अशी लिहिता येते: ‘महाडीबीटीवर ज्यांचे अर्ज दुरुस्तीसाठी परत आले आहेत त्यांची यादी सोबत लावली आहे. नावापुढे लिहिलेली त्रुटी स्वतःच्या लॉगिनमधून दुरुस्त करून अर्ज अमुक तारखेला संध्याकाळी ५ वाजेपर्यंत पुन्हा सादर करा. त्यानंतर अर्जाची प्रिंट आणि बदललेल्या कागदाची स्वसाक्षांकित झेरॉक्स खिडकी क्रमांक २ वर ११ ते १ या वेळेत द्या. यादीत नाव नसल्यास काहीही करायचे नाही.’

यातलं सगळ्यात कामाचं वाक्य शेवटचं आहे. आजच्या रांगेत कितीतरी जण ‘माझं नाव आहे का’ एवढंच विचारायला उभे होते. कोणी काय करायचं हे लिहितोच आपण, पण कोणी काही करायचं नाही हे लिहायचं कुणाला सुचत नाही. वाचणारा वाचून झाल्यावर नेमकं काय करणार, हे आधी ठरवायचं आणि मग पेन उचलायचं. माझ्या मते अख्ख्या सेमिस्टरचा अर्क एवढाच आहे. बाकी पत्राची मांडणी फुल ब्लॉक की सेमी ब्लॉक, ‘युवर्स फेथफुली’नंतर स्वल्पविराम की नाही, हे सगळं नंतर.

आणि हो, कोर्सवरही माझा राग आहे, उगाच भक्त समजू नका. पहिल्याच लेक्चरला ती आकृती येते. सेंडर, चॅनल, नॉइज, रिसीव्हर. पाच मार्कांना हमखास. ती आकृती क्लॉड शॅनन या गणितज्ञाच्या १९४८ च्या लेखातून आलेली आहे. तो बेल लॅब्समध्ये होता आणि त्याच्यापुढचा प्रश्न तारेतून सिग्नल बिनचूक कसा पोचेल हा होता. संदेशाचा अर्थ काय, याच्याशी या इंजिनिअरिंगच्या प्रश्नाचा संबंध नाही, असं त्याने सुरुवातीलाच सांगून टाकलंय. आणि आपण नेमकी तीच आकृती अर्थ कसा पोचतो हे शिकवायला फळ्यावर काढतो! फीडबॅकचा उलटा बाण तर नंतरच्या लोकांनी जोडलाय. आजची नोटीस या आकृतीत टाकून बघा. चॅनल उत्तम, नॉइज शून्य, प्रत्येक अक्षर डोळ्यांपर्यंत पोचलं. तरी खर्डीचा मुलगा रांगेतच. नवशिक्याला शब्दांची ओळख व्हायला आकृती बरी पडते, हे मान्य. पुढे जाऊ.

दुसरा राग ‘९३ टक्के संवाद देहबोलीतून होतो’ यावर. सात टक्के शब्द, अडतीस टक्के आवाज, पंचावन्न टक्के चेहरा. प्रत्येक सॉफ्ट स्किलवाल्याच्या दुसऱ्या स्लाईडवर हे असतंच. मूळ प्रयोग अल्बर्ट मेहराबियन यांचे, १९६७ चे. त्यात सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत आणि वेगवेगळ्या चेहऱ्यांसोबत लोकांपुढे ठेवले आणि बोलणाऱ्याची भावना आवडीची आहे की नावडीची, एवढंच ओळखायला लावलं. हा हिशोब भावना आणि आवडीनिवडीपुरताच आहे, सरसकट सगळ्या संवादाला लावू नका, असं खुद्द मेहराबियन सांगत आलेत. पण नाही. ओरलला विचारलं की ९३ म्हणायचं, नाहीतर मार्क गेले. नोटिशीला चेहराही नसतो आणि आवाजही. मग काय ती सात टक्केच?

चिडले की विषय भरकटतो. कामाचं सांगते.

मीटिंगचं इतिवृत्त. हे ज्याला नीट जमतं त्याला कुठल्याही कमिटीत डोक्यावर घेतात, कारण ते कुणालाच करायचं नसतं. आपल्या फेस्टच्या कमिटीची जुनी इतिवृत्तं बघा: ‘प्रायोजकत्वाबाबत सविस्तर चर्चा करण्यात आली.’ बरं, मग? ठरलं काय? प्रत्येक विषयाखाली तीनच गोष्टी हव्यात: निर्णय काय, करणार कोण, कधीपर्यंत. ‘कमिटीने करावे’ लिहिलंत तर कुणीच करत नाही, एकाचं नाव घाला. निर्णय झाला नसेल तर तसं लिहा आणि पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत तो पहिला टाका. कोण कुणावर ओरडलं हे लिहायचं नाही. आणि त्याच रात्री पाठवा, कारण दोन दिवसांनी प्रत्येकाला आपल्या सोयीचा निर्णय आठवतो. ज्यांचे आई-बाबा सोसायटीच्या कमिटीत आहेत त्यांच्या घरी ही कला थेट उपयोगी आहे. आदर्श उपविधींप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी जावी लागते. पूर्ण म्हणजे नोटिशीचा आणि सभेचा दिवस सोडून. बारा दिवसांची नोटीस काढली की कुणीतरी काका उठून हरकत घेतात, आणि ते बरोबर असतात.

मेल. आधी फाईल जोडा, मग मजकूर लिहा, पत्ता सगळ्यात शेवटी टाका, म्हणजे अर्धवट मेल चुकून जाणार नाही. विषयाच्या ओळीत नुसतं ‘रिपोर्ट’ किंवा ‘अर्जंट’ लिहू नका. कसला रिपोर्ट, कोणत्या बॅचचा आणि समोरच्याने काय करायचंय ते लिहा. फाईलचं नाव ‘फायनल फायनल २’ ठेवलंत तर मॅडमच्या डाउनलोड्समध्ये तशा चाळीस पडलेल्या असतात. रिझ्युमेही तसाच: एक पान, ताजं शिक्षण वर, आणि प्रोजेक्टपुढे तुम्ही स्वतः काय केलंत ते. ‘टीमने बनवलं’ हे वाचून कंपनीला काही कळत नाही. दोन कॉलमचे रंगीत टेम्प्लेट दिसायला छान, पण छाननीचं सॉफ्टवेअर ते कधीकधी आडवं वाचतं आणि तुमचे मार्क हॉबीजमध्ये जाऊन बसतात. ग्रुप डिस्कशनबद्दल काही सांगत नाही, आपण तिथे मासळीबाजार भरवतो हे सगळ्यांना माहीत आहे.

स्लाईड्सबद्दल मात्र थांबून सांगणार. कल्पना चावलाचं नाव आपल्याला पहिलीपासून माहीत आहे. कोलंबिया यान १६ जानेवारी २००३ ला उडालं. उड्डाणानंतर साधारण ८२ सेकंदांनी बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच इंजिनिअरांनी नुकसानीचा अंदाज बांधून नासाच्या लोकांपुढे स्लाईड्स मांडल्या. त्यातल्या एका स्लाईडच्या शीर्षकाचा सूर असा, की चाचण्यांची आकडेवारी धीर देणारी आहे. खाली मुद्दे, त्यांच्या पोटात उपमुद्दे, आणि अगदी तळाला बारीक अक्षरात: हा तुकडा १९२० घनइंचाचा, चाचणीतला ३ घनइंचाचा. म्हणजे ६४० पट मोठा! ज्या चाचण्यांच्या जोरावर धीर द्यायचा त्या इथे लागूच नव्हत्या, आणि ते वाक्य तळाशी. १ फेब्रुवारीला परतताना यान तुटलं, सातही जण गेले. चौकशी मंडळाने त्याच वर्षी अहवालात ही स्लाईड छापली आणि तांत्रिक अहवालाऐवजी स्लाईड्सवर काम भागवण्याच्या नासाच्या सवयीवर बोट ठेवलं. अपघात स्लाईडमुळे झाला असं मी म्हणत नाही. पंखाचे फोटो मागितलेले असून मिळाले नव्हते, वरिष्ठांना ऐकायचंच नव्हतं, बरंच काही होतं. पण ‘खरं इंजिनिअरिंग’वाल्यांनो, ते खरे इंजिनिअर होते आणि आकडाही त्यांच्याकडे होता. तो शीर्षकात यायला हवा होता. आपल्या सेमिनारला ‘रिझल्ट्स’ असं शीर्षक देऊन खाली आठ बुलेट टाकता ना, त्याऐवजी जो निष्कर्ष निघाला तोच वाक्य करून शीर्षकात घाला. अक्षर शेवटच्या बाकावर बसून वाचून बघा. आणि पीडीएफची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा, कारण लॅबच्या मशीनवर तुमचा फॉन्ट नसतोच.

फॉन्टवरून आठवलं. ती नोटीस ग्रुपवर वर्ड फाईल म्हणूनही आली होती, कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली. ज्यांच्या मोबाईलवर तो फॉन्ट नाही त्यांना नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली. युनिकोडमध्ये टाईप करा किंवा पीडीएफ पाठवा, एवढं साधं आहे हे.

आणि इथे माझी खरी तक्रार. या विषयात आपण एकही ओळ मराठीत लिहिली नाही. प्लेसमेंटला इंग्रजी लागतं, लागतंच, वाद नाही. पण पदवी घेऊन गावी गेल्यावर तलाठी कार्यालयात, ग्रामपंचायतीत, बँकेच्या शाखेत अर्ज लिहायला घरचे तुम्हालाच बसवणार. तेव्हा? प्रति, विषय, संदर्भ, मग मजकूर. संदर्भात आधीच्या पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख. विषयात ‘तक्रारीबाबत’ लिहू नका, कशाबद्दलची तक्रार ते लिहा. महावितरणच्या वीजबिलाचं काही असेल तर बारा आकडी ग्राहक क्रमांक वरच घाला, नाहीतर खिडकीवरचा माणूस पहिला तोच विचारणार. अर्जाच्या दोन प्रती काढायच्या, एक द्यायची आणि दुसरीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख, सही घेऊन पोच म्हणून जपायची. पोच नसेल तर तुम्ही अर्ज दिलेलाच नाही. हे कुठल्याच टेक्स्टबुकात नाही.

उत्तम गृहपाठ हवाय? माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहायला लावा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर, आणि महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय, साधारण १५० शब्दांत. ‘आमच्या वॉर्डातला रस्ता का झाला नाही?’ असं विचारलंत तर बहुतेक ‘प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असं उत्तर हातात पडेल. ‘अमुक चौक ते अमुक शाळा या रस्त्याच्या कामाची वर्क ऑर्डर, एमबीतील (मोजमाप पुस्तिकेतील) नोंदी आणि अदा केलेल्या बिलांच्या प्रती, कालावधी अमुक ते अमुक’ असं मागितलंत तर टाळणं अवघड जातं. राग काढून टाकायचा आणि कागदाचं नाव लिहायचं. दीडशे शब्दांत हे बसवताना जी दमछाक होते, ती दहा असाइनमेंटमध्ये झाली नाही.

आता लिहून लिहून जरा शांत झालेय. खिडकीमागच्या क्लार्कबद्दल दोन शब्द बोलायला हवेत. तो एकटा आहे. बोनाफाईड, रेल्वे कन्सेशन, परीक्षेचे फॉर्म, शिष्यवृत्ती, सगळं त्याच्याच टेबलावर. गेल्या वर्षीची फाईल उघडायची, वरची तारीख बदलायची, प्रिंट. ती भाषा त्याची नाहीच, ती वर्षानुवर्षं उतरत आलीय. आणि अशा भाषेचा त्याला फायदाही आहे. ‘विहित मुदत’ लिहिलं की तारीख चुकल्याचा ठपका येत नाही. ‘खिडकी २, ११ ते १’ लिहिलं की ११ ला खिडकी उघडावी लागते. स्पष्ट लिहिण्याची किंमत लिहिणाऱ्याला मोजावी लागते, म्हणून मोघम लिहिणं सुरक्षित. त्याचा राग येतो आणि येतही नाही. खर्डीच्या मुलाला शेवटी त्यानेच स्वतःच्या मोबाईलवर पोर्टल उघडून त्रुटी दाखवली, हेही सांगते.

त्याला नोटीस नवी लिहून देऊ का, असं मी विचारलं. तो म्हणाला, ‘मॅडम, द्या, पण सही सरांची लागते.’ उद्या सरांकडे जाणार आहे. वरचा मसुदा त्यासाठीच, त्यात काही राहिलं असेल तर रात्रीत कमेंटमध्ये सांगा. विशेषतः ज्यांचे अर्ज परत आलेत त्यांनी, त्रुटी कोणत्या शब्दांत दाखवतात त्याचा स्क्रीनशॉट टाका, फक्त आधार नंबर झाकून. आणि ज्युनिअर्सनो, जर्नल मागायला मेसेज करू नका. मिळणार नाही. माहिती अधिकाराचा अर्ज लिहून आणलात तर तपासून देईन, शब्द मोजून.