मॅग्नेटोचं आउशवित्झ पहिल्या अंकात नाही

‘एक्स-मेन’ या कॉमिक्समधला मॅग्नेटो १९६३च्या पहिल्या अंकापासूनच आउशवित्झ या नाझी छळछावणीतून वाचलेला दाखवलाय, असा मेसेज फिरतोय. ते चूक आहे. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांच्या त्या अंकात तो क्षेपणास्त्र तळ बळकावणारा सरळसोट खलनायक आहे. बालपणाचा उल्लेखसुद्धा नाही. आउशवित्झ आलं १९८१ मध्ये, १५०व्या अंकात, ख्रिस क्लेअरमाँट यांच्या लेखणीतून. एक्स-मेनमधली किटी प्राइड ही कोवळी पोर मॅग्नेटोच्याच हल्ल्यात कोसळते आणि तिला हातांत घेतल्यावर त्याला गॅस चेंबरकडे हाकलत नेलेलं आपलं कुटुंब आठवतं. म्युटंटांच्या, म्हणजे जन्मजात अद्भुत शक्ती असलेल्या माणसांच्या, छळावरून दुभंगलेलं ते जग मला तरी इथेच खरं वाटायला लागतं. क्लेअरमाँट यांचं हे श्रेय पुसू नका. मेसेज पुढे पाठवला असेल तर साल दुरुस्त करा.