आलाच आहात तर एवढंही करून टाका

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आम्ही ओटा नवा करून घेतला. चिंचवडचा जुना फ्लॅट, पाइपलाइनचा गॅस. सिंक दुसऱ्या बाजूला न्यायचं ठरलं आणि गॅसचा पाइप नेमका मधे यायला लागला. पाण्याच्या कामाला आमच्याकडे आठ वर्षं एकच प्लंबर येतात. हात चोख, शब्दाला पक्के. त्यांना मी म्हटलं, "दादा, आलाच आहात तर हा पाइपही वीतभर सरकवून द्या."

"ताई, ते गॅसवाल्यांचं काम आहे. त्यांना बोलवा."

हे ते दोनदा म्हणाले. दोन्ही वेळा मीच रेटलं. कंपनीचा माणूस कधी येणार, सुतार खोळंबलाय, फराळ करायचाय. शेवटी त्यांनी पाइप कापला, एल्बो बसवला, आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली आणि शेगडी पेटवून दाखवली. निळी ज्योत बघून मी निश्चिंत झाले.

पाचव्या दिवशी सकाळी सासूबाई देवळातून आल्या आणि दारातच थांबल्या. "गॅसचा वास येतोय." मी सहापासून स्वयंपाकघरात होते, मला काहीच जाणवत नव्हतं. नव्या प्लायचा असेल, म्हटलं. त्या ऐकेनात.

त्या ऐकेनात म्हणून आज मी हे लिहितेय. गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात. पण आपलं नाक त्या वासाला लवकर सरावतं, आणि बाहेरून आलेल्या माणसाला जे कळतं ते आत असलेल्याला कळत नाही. घरात कुणी वास येतो म्हटलं, तर "मला तर येत नाही" असं म्हणू नका. कृपा करून.

मीटरजवळचा कॉक बंद केला, खिडक्या उघडल्या, एकाही बटणाला हात लावला नाही, आणि खाली पार्किंगमध्ये जाऊन फोन केला. कंपनीचा मुलगा आला. त्याने ब्रशने साबणाचं पाणी जॉइंटवर लावलं. एल्बोच्या मागे, भिंतीच्या बाजूला, मोहरीएवढा बुडबुडा आला. फुगला, फुटला, लगेच त्याच जागी दुसरा. पाच दिवस आम्ही त्याच ओट्यावर चकल्या तळत होतो.

आणि तो जॉइंट ट्रॉलीच्या मागे बंदिस्त. पाइपलाइनचा गॅस हवेपेक्षा हलका, मोकळ्या खिडकीतून निघून जातो. पण कोंडला तर साचतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण 5 ते 15 टक्क्यांच्या मधे गेलं की एक ठिणगी पुरते. त्या मुलाने पाइप नव्याने जोडला, हवेचा दाब देऊन काटा उतरतो का ते पाहिलं, आणि ट्रॉलीला हवा खेळायला जागा करायला लावली.

माझं म्हणणं एवढंच आहे, की गॅसचं काम प्लंबरला सांगूच नका. पाण्याचा जॉइंट गळला तर फडकं ओलं होतं, भिंतीला ओल दिसते, वेळ मिळतो. गॅसचा गळला तर डोळ्यांना काहीच दिसत नाही. शेगडी पेटली म्हणजे लाइन तपासून झाली असं नाही. आमच्या प्लंबरदादांना त्यांचं काम उत्तम येतं. बाथरूमच्या फरशा बसवण्याआधी पाइपात दाब भरून रात्रभर ठेवायला लावणारे तेच. त्या कामाचे त्यांना पूर्ण पैसे द्यावेत, घासाघीस करू नये. पण नको असलेलं काम ओळखीच्या भिडेपोटी त्यांच्या गळ्यात मी घातलं. संध्याकाळी त्यांना फोन केला तर ते कामावरून तसेच आले, नवा जॉइंट बघत बराच वेळ उभे राहिले. "तुम्ही सगळे बरे आहात ना?" एवढंच विचारलं.

गॅस गीझरचंही तेच. बंद बाथरूममध्ये तो बसवून देणारे पुष्कळ भेटतात. हवा कमी पडली की जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला तर वासही नसतो. माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. गीझर बाहेरच बसवा.

सिलिंडरवाल्यांनी आजच ओट्याखाली वाकून नारिंगी नळीवरची तारीख वाचावी. पाच वर्षं झाली असतील तर नळी बदलायची, चिकटपट्टी लावून भागवायचं नाही. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, म्हणून वास आल्यावर दारही उघडायचं. गळतीसाठी 1906 हा नंबर चोवीस तास चालू असतो. पाइपलाइनवाल्यांचा आपत्कालीन नंबर बिलावर छापलेला असतो. आमचा मी सासूबाईंच्या फोनमध्ये सगळ्यात वर ठेवलाय, मोठ्या अक्षरात.