चौदा वर्षांनी तेच डायपर

'द इन्क्रेडिबल्स' हा अचाट शक्ती असलेल्या एका कुटुंबाचा अ‍ॅनिमेशनपट आला 2004 साली. तो पाहिला तेव्हा मी पुण्यात कॉट बेसिसवर राहत होतो. खोलीत चार कॉट आणि एक कॉम्प्युटर, तोही माझा नव्हे. हिंदीतलं नाव 'हम हैं लाजवाब'. बापाला आवाज शाहरुख खानचा आणि त्याच्या भन्नाट पळणाऱ्या पोराला खऱ्याच पोराचा, आर्यनचा.

नोकरी नुकतीच लागली होती. पडद्यावर एकेकाळचा महाबली बॉब विमा कंपनीच्या खुराड्यात कोंबलेला, आणि त्याच्यावर डाफरणारा साहेब वीतभर उंचीचा. आम्ही चौघं आधी खो खो हसलो आणि मग एकदम गप्प झालो. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. तो बॉब एका म्हातारीला कंपनीच्या नियमांतल्या पळवाटा कुजबुजत सांगतो आणि वर तिला रडण्याचं नाटक करायला लावतो. मीही ऑफिसात एकदा हा प्रयोग केला. पण माझ्या कुजबुजण्याला आमच्या घरात 'ओरडू नकोस' म्हणतात.

असो. दुसरा भाग यायला 2018 उजाडलं. चौदा वर्षं. तेवढ्यात रामसुद्धा घरी परतला होता! आणि गंमत अशी, की पहिला जिथे संपतो तिथूनच दुसरा सुरू. जमिनीतून भलंमोठं ड्रिल घेऊन तोच खलनायक वर येतो, मंडळी मुखवटे चढवून तयार, आणि तान्हा जॅक-जॅक अजून डायपरमध्येच. इकडे माझं लग्न झालं, केस गेले, गृहकर्ज आलं, आणि माझ्या घरातलं डायपरसुद्धा सुटून कन्या पहिलीत गेली.

बायको ट्रेनिंगसाठी तीन दिवस हैदराबादला गेली होती. बाहेर पाऊस, घरात कन्या आणि तिचा गृहपाठ. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघंही थकलो आणि सरळ मल्टिप्लेक्स गाठलं.

मुख्य चित्रपटाआधी 'बाओ' नावाची छोटी फिल्म होती. एक चिनी आई सारण भरून वाफवलेला बाओ करते, तो जिवंत होतो, ती त्याला मुलासारखा वाढवते, आणि तो घर सोडून निघाला तेव्हा त्याला चक्क गिळून टाकते. थिएटरात शांतता. त्या शांततेत माझी कन्या, "बाबा, आईने मोदक खाल्ला?" दिसायला तो मोदकच होता, त्यामुळे माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने तिथूनच हैदराबादला फोन लावायला लावला. "आई, तू मला खाणार नाहीस ना?" मागच्या रांगेतून "श्श्श" आलं. आई मीटिंगमध्ये होती. तिने "नाही" असं इतक्या घाईत सांगितलं, की कन्येला ते पटलं नाही.

मग मुख्य चित्रपट. या खेपेला आईला, म्हणजे हेलनला, हिंदीत आवाज काजोलचा. पण शाहरुख नव्हता. म्हणजे जोडी जमायची ती अशी चौदा वर्षांनी चुकली. हेलन कामगिरीवर जाते, फटफटीवरून धमाल उडवते, आणि बॉब घरी तीन पोरं सांभाळतो. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले. त्याला पोराचं गणित येत नाही, कारण पद्धत बदललीय. गणित काय बदलायची गोष्ट आहे का, असा त्याचा त्रागा. मी इतका मोठ्याने "बरोबर!" म्हणालो, की पुन्हा "श्श्श".

जॅक-जॅक आणि कचऱ्यात तोंड घालणारा रकून यांची रात्रीची मारामारी म्हणजे चित्रपटाचा कळस म्हणतात. म्हणतात, कारण नेमक्या तेव्हाच कन्येला शू लागली. मी ती उभ्याने, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून, एक हात ओढला जात असताना, निम्मी पाहिली. तरी सांगतो, निम्मीसुद्धा तिकीट वसूल आहे.

खलनायक मात्र पोकळ. पहिल्या भागातला सिंड्रोम लहानपणी झालेल्या अपमानाने आतून जळत असतो. तो वाईट, पण का वाईट ते कळतं. इथे पडद्याला चिकटलेल्या जगाला पडद्यानेच संमोहित करायची कल्पना झकास (आमच्या रांगेत तेव्हा तीन मोबाइल पेटलेले होते), पण त्यामागे कोण, हे माझ्या पहिलीतल्या पोरीने मध्यंतराआधीच सांगितलं. "ती विस्कटलेल्या केसांची मावशी, बाबा." बाबांना मात्र शेवटपर्यंत त्या मावशीच्या भावाचाच संशय.

रात्री बायकोने विचारलं, "कसा होता रे? पहिल्यासारखा?"

"पहिला तो पहिलाच," मी म्हणालो. "पण बॉबचं घरातलं काम बघ, अगदी अस्सल आहे."

"गणित झालं का तिचं?"

मी रेंज नसल्यासारखा आवाज काढला.

पुढच्या जूनमध्ये कन्या दुसरीत गेली. बालभारतीचं नवं गणिताचं पुस्तक घेऊन ती माझ्यासमोर बसली. मी म्हटलं, "वाच, सत्त्याण्णव."

"बाबा, याला नव्वद सात म्हणायचं."

"कोण म्हणतं?"

तिने पुस्तक माझ्या नाकापुढे धरलं.